सुखदेवभाऊंची दोन मिनिटं

सुखदेव तायडे यांना अंतर किलोमीटरमध्ये विचारायची सोय नव्हती. "भाऊ, इथून अकोट किती लांब?" असं कुणी विचारलं की ते उलट विचारायचे, "कोन्या वारी?" वार सांगितला की, "किती वाजता?" तेही सांगितलं की मग उत्तर मिळायचं. "सकाळी निंगाले तं दोन तास. दुपारून रस्त्यात बाजार लागते, मंग अडीच धरजा. अन कापसाचा सीजन असला तं जिनिंगपाशी ट्रकाईची रांग राह्यते, मंग मले नका विचारू." विचारणारा बिचारा नुसती चौकशी करायला आलेला असायचा. त्याला कुठं अकोटला जायचं असायचं!

भाऊ मूळचे अकोटचे. एसटीत वीस-बावीस वर्षं ड्रायव्हर होते, ते सोडून अमरावतीला आमच्या दवाखान्यात अ‍ॅम्ब्युलन्सवर आले. मी तिथं समाजसेवा विभागात होते. मेंदू मृत झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांशी अवयवदानाबद्दल बोलायचं आणि त्यांनी होकार दिला की कागद, फोन, परवानग्या यांच्यामागं धावायचं, हे माझं काम. मी अकोल्याची, ते अकोटचे, त्यामुळं अमरावतीकरांना नावं ठेवण्यात आमचं चांगलं जमायचं.

उंच, काटकुळे, पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडलेली. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे स्टिअरिंग धरलेलं असताना मान न वळवता दिसावं. ते घड्याळ कधी मिनिटभर पुढं नाही की मागं नाही. मी माझं घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवते, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी दुधात पाणी घालते. "घड्याळ पुढं ठेवनारा मानूस सोतालेच फसवते, बाई," म्हणाले. बोलणं असं रोखठोक. पुण्याहून आलेले एक डॉक्टर पहिले दोन महिने समजत होते की हा ड्रायव्हर सगळ्यांशी भांडत असतो.

गाडी मात्र मऊ हातानं चालवायचे. मागं बसलेले नातेवाईक ओरडायचे, "जोरात घ्या ना हो!" भाऊंचा वेग तोच. "गाडी पळवाची नसते, पोचवाची असते," एवढंच म्हणायचे. शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असायची. कुठल्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी, शाळा कधी सुटते, बडनेऱ्याच्या बाजूला गर्दी कधी होते, लगीनसराईत कुठल्या मंगल कार्यालयाची वरात रस्त्यावर नाचते, कुठला गतिरोधक नवा झालाय, सगळं त्यात. सुटीच्या दिवशी हा माणूस आपली जुनी मोटारसायकल काढून रस्ते बघत हिंडायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, वहिनींना घेऊन जा की कधी." तर म्हणाले, "तेच तं मागं बसून लिवते."

ही डायरी पहिल्यापासून नव्हती. ती कशी आली, हे सांगताना मला अजून लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

आमच्या दवाखान्यातलं पहिलं यकृतदान होतं ते. लिव्हर अमरावतीत निघणार आणि नागपुरातल्या पेशंटला बसणार. आता हे लिव्हर म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. शरीरातला रक्तपुरवठा बंद करून ते थंड केलं की त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. काही तास ते बर्फात तग धरतं, पण डॉक्टर सांगायचे, प्रत्येक जादा तासाचा भार ते घेतंच. काढलेलं लिव्हर आधीच थोडं चरबीचं असेल, तर तेवढाही भार त्याला सोसत नाही. हे नेमकं तसलंच होतं.

पोलिसांनी बाराच्या सुमाराला रस्ता मोकळा करून ठेवला होता. निळा डबा गाडीत आला, नागपूरचे सर्जन मागं बसले, भाऊंनी इंजिन चालू केलं. आणि आम्ही गाडी थांबवली. कशाला? तर सत्काराला! पहिलंच अवयवदान, मग हिरवी झेंडी नको? शाल-श्रीफळ नको? प्रमुख पाहुणे बडनेऱ्याहून निघाले होते, आत्ता येतील, आत्ता येतील. आम्हा लोकांना चांगल्या गोष्टीची सुरुवात नारळ फोडल्याशिवाय करताच येत नाही. तो नारळ मीच मागवला होता. रांगोळीही माझीच. सर्जन दोनदा खाली उतरून बोलले, त्यांना आम्ही चहा दिला. पाहुणे आले, चाकाजवळ नारळ फुटला, फोटो झाले, दोन शब्द झाले. पन्नास मिनिटं गेली.

तोवर पोलिसांचा मोकळा रस्ता पुन्हा भरला. त्यांनी तरी किती वेळ लोकांना अडवून धरायचं! पुढं एका गावचा बाजार ऐन भरात होता, त्यापुढं एक ट्रक आडवा पडलेला. जिथं वेळेत निघाल्यावर काहीच लागलं नसतं, तिथं सगळंच लागलं. पन्नास मिनिटांचा उशीर नागपूरला पोचेपर्यंत अडीच तासांचा झाला. भाऊ नंतर नेहमी म्हणायचे, "उशीर एकटा येत नाई बाई. लेकुरवाळा असते तो."

नागपूरच्या डॉक्टरांनी लिव्हर पाहिलं, तपासलं आणि नाही म्हणाले. लवकर आलं असतं तर घेतलं असतं का, असं मी फोनवर विचारलं. ते म्हणाले, कदाचित. या 'कदाचित'नं मला बरेच दिवस जेवू दिलं नाही.

पण भाऊंच्या वाट्याला याहून जास्त आलं. रिकामा डबा गाडीत टाकून परत निघायच्या आधी ते त्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहा घेत उभे होते. तिथं एक बाई आपल्या नवऱ्याच्या खांद्याला धरून हळूहळू आली. डोळे हळदीसारखे पिवळे, हाताला सुईची पट्टी तशीच. गाडीवर अमरावतीचं नाव बघून तिनं विचारलं, "भाऊ, तिकडंच चालले का? आमाले भातकुलीले जाचं हाय. एसटीत बसवत नाई मले." ऑपरेशनसाठी बोलावलं होतं, उपाशी ठेवलं होतं, तयार केलं होतं आणि आता घरी पाठवलं होतं. शोभाबाई तिचं नाव. अंगणवाडीत सेविका होती.

भाऊंनी तिला मागं झोपवलं आणि तीन तास गाडी चालवली. हे त्यांनी मला चार दिवसांनी कँटीनमध्ये, भजी गार होऊ देत सांगितलं. बाई वाटेत एवढंच बोलली होती, "लिव्हर आलं होतं म्हनते, पन उशीर झाला. कोनाचा दोष नाई जी. आपलं आपलं नशीब." भाऊ सांगत होते, "म्या काई बोललोच नाई, बाई. तोंडच उघडलं नाई माह्यं. भातकुलीत तिच्या घरापाशी उतरवलं तं तिनं मलेच पानी देल्लं."

त्या दिवसापासून भाऊ बदलले असं मी म्हणणार नाही. जे होते तेच जास्त झाले. डायरी आली. अवयव न्यायचा असला की दवाखान्याच्या फाटकाची किल्ली त्यांच्या खिशात. अंगणात हार नाही, नारळ नाही, कॅमेरा नाही. एकदा एक बडे गृहस्थ शाल घेऊन आलेच. भाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमी शाल पांघरवसाल तोवर तिकडं एक मानूस टेबलावर झोपून हाय. त्याले थंडी वाजून राहिली असन." गृहस्थ शाल घेऊन परत गेले. दवाखान्याच्या मालकांनी भाऊंना बोलावून झापलं, पण किल्ली काढून घेतली नाही.

उन्हाळ्यात अकोल्याहून एक लिव्हर नागपूरला न्यायचं होतं. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. आम्ही पोचलो, आत ऑपरेशन चालू, आणि बाहेर भाऊ बादलीनं गाडीच्या टपावर पाणी ओतताहेत. लिंबाखाली गाडी, खिडक्यांना ओली पोती, आणि हे म्हशीला धुवावं तसे धुताहेत. तिथली मंडळी हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, डब्यात बर्फ हाय नं?" भाऊ पाणी ओतता ओतता म्हणाले, "बर्फ डब्यात हाय. पन तापल्या भट्टीत डबा ठेवला तं बर्फ किती येळ राहीन?" आत बसल्यावर मला कळलं, बाहेर अंगाची लाही होत होती आणि गाडीत दुपारची झोप लागावी असा गारवा.

त्याच दिवशी विमानाचा विषय निघाला. दात्याच्या नातेवाइकांपैकी एकाच्या ओळखी फार वरपर्यंत होत्या. त्याचं म्हणणं, लिव्हर विमानानंच गेलं पाहिजे, मी फोन करतो. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं, विमान म्हटलं की माणसाला काहीतरी मोठं चाललंय असं वाटतंच. भाऊंनी बोटांवर हिशेब मांडला. विमान आधी नागपूरहून इकडं येणार. त्याची परवानगी. इथून धावपट्टीपर्यंत जायचं. तिकडं उतरून पुन्हा शहरातून दवाखाना गाठायचा. "विमान आभाळात उडते, पन त्याच्यापरेंत जमिनीवरूनच जा लागते. तुमचा फोन लागेपरेंत मी मूर्तिजापूर गाठतो." आणि खरंच निघाले. फोनवाल्या गृहस्थांना परवानगी मिळू शकते असा निरोप आला, तेव्हा आम्ही अमरावती ओलांडून पुढं गेलो होतो.

मग ती सकाळ आली. दिलीप नावाचा चाळिशीचा माणूस, अमरावती-नागपूर हायवेवरच्या एका गावात वेल्डिंगचं दुकान चालवणारा, शेडवरून पडला होता. मेंदू मृत झाल्याची पहिली तपासणी पहाटे झाली. दुसरी सहा तासांनी, बारा वाजता व्हायची होती. भावानं आणि बायकोनं दानाला होकार दिला. त्यानंतर दिलीपचा भाऊ माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी आमच्या गावावरूनच जाईन नं? आमची माय खाटेवर हाय, खुब्याचं हाड मोडलं तिचं. दिलीपच्या दुकानापाशी गाडी दोन मिनिटं थांबवा. तिले उचलून आनतो. डब्याले हात लावू द्या फक्त."

मला नाही म्हणता येईना. ही माझी जुनी खोड. मी त्याला सरळ सुखदेवभाऊंकडं पाठवलं, म्हणजे नाही तेच म्हणतील आणि मी सुटेन. त्याच्या मागोमाग गेले तेव्हा भाऊ म्हणतच होते, "नाई जमनार, बावा. दोन मिनिटं नाई अन एकबी नाई." तो माणूस भिंतीला टेकून रडायला लागला. मला भाऊंचा रागच आला. इतकं काय दगड व्हायचं!

भाऊंनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. "बाई, दुसरी टेस्ट कितीले?"

"बाराला."

"आता साडेसहा झाले." मग त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे पाय. एकदा डबा गाडीत आला की माझ्यापाशी दोन मिनिटं नाईत. पन आता साडेपाच तास हायेत. चाल, ऊठ. मायले घेऊन येऊ."

दीड तासात ते परतले. म्हातारी स्ट्रेचरवर, अंगावर गोधडी. आयसीयूच्या नियमात ते बसत नव्हतं, सिस्टरनं नियमाकडं पाठ केली. माय लेकाजवळ तास-दीड तास होती. त्याच्या केसांतून हात फिरवत होती, तळहात आपल्या गालाला लावत होती. "हात गरम हाय माह्या पोराचा," असं दोनदा म्हणाली. तिला समजावून सांगायला मी पुढं झाले आणि तशीच मागं आले. बाहेर नेताना तिनं भाऊंना विचारलं, "कोनाले देता जी?"

"मले माईत नाई, माय," भाऊ म्हणाले. "पन पोचवीन."

मग ते नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. माझा राग कुठल्या कुठं गेला होता आणि त्याची मला लाज वाटत होती.

कुणाला द्यायचं, हे मला तोवर नागपूरहून कळलं होतं. शोभाबाई. इतक्या महिन्यांनी तिचा नंबर पुन्हा लागला होता आणि या वेळेला डॉक्टर म्हणाले होते, आता तिच्याजवळ फारसे दिवस नाहीत. नाव सांगायची मला मुभा नव्हती. दुपार कलल्यावर डबा गाडीत आला, सर्जन मागं बसले, मी पुढं भाऊंच्या शेजारी. अंगणात चिटपाखरू नव्हतं. शहराबाहेर पडल्यावर त्यांनी समोर बघतच विचारलं, "बाई, तिकडं कोन हाय?" मी खिडकीबाहेर बघायला लागले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मंग तेच असन, भातकुलीवाली." त्यानंतर त्यांनी स्टिअरिंग जरा घट्ट धरलं, वेग तोच.

दिलीपचं गाव आलं. सगळं गाव हायवेच्या कडेला उभं होतं, पण डांबरावर कुणाचं पाऊल नव्हतं. आत जाणाऱ्या प्रत्येक बोळाच्या तोंडाशी ट्रॅक्टर आडवा लावून लोकांनी रस्ता राखला होता. भाऊ सकाळी मायला न्यायला गेले तेव्हाच सांगून आले होते, फुलं रस्त्यावर टाकू नका, चाक घसरते. वेल्डिंगच्या दुकानापुढं खाट होती, खाटेवर म्हातारी, सकाळीच तिला परत पोचवलं होतं. तिनं हात वर केला. भाऊंनी डावा हात क्षणभर कपाळाला लावला आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. गाडी तसूभरही हळू झाली नाही.

गाव मागं पडल्यावर मी आरशात पाहिलं. लोकांनी ओंजळीतली फुलं आता, आम्ही गेल्यावर उधळली होती. नेमका आमच्या मागं पत्ताकोबीचा एक ट्रक येत होता. सगळा झेंडू त्याच्यावर पडला. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन बघत होता की माझं काय झालं! मी हसले, भाऊ हसले, मागं सर्जनही हसले. हसता हसता भाऊंनी बाहीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून फोन आला. लिव्हर वेळेत बसलं होतं, रक्त सोडल्यावर त्यानं लगेच रंग धरला होता, पित्त सुटलं होतं. मी धावत अंगणात गेले. भाऊ गाडीची काच पुसत होते. "बरं झालं," म्हणाले आणि लख्ख झालेली ती काच पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागले.

शोभाबाईला भेटायला मात्र ते कधी गेले नाहीत. ती बरी होऊन अंगणवाडीत परत गेली हे आम्हाला कळलं होतं. मी दोनदा सुचवलं, दोन्ही वेळा त्यांनी गाडीच्या टायरमध्ये काहीतरी काम काढलं. मला कारण ठाऊक होतं. पहिल्या वेळचं तोंडात अडकून बसलं होतं.

त्यांचा कामाचा शेवटचा दिवस होता, त्या दिवशी तीच आली. अमरावतीत काय लपून राहतं! डोळे पांढरेशुभ्र, हातात पिशवी, पिशवीत शाल आणि नारळ. आम्ही सगळे भाऊंच्या तोंडाकडं बघायला लागलो. त्यांनी मुकाट्यानं शाल पांघरून घेतली, नारळ काखेत धरला. बाईची भातकुलीची एसटी होती. भाऊ म्हणाले, "चाला, स्टँडपरेंत येतो." मीही निघाले.

एसटी लागलेलीच होती. बाईनं एक पाय पायरीवर ठेवला आणि भाऊ एकदम म्हणाले, "बाई, एक सांगाचं राहून गेलं. पयल्यांदा जे उशिरा आलं होतं नं, तेबी म्याच आनलं होतं."

ती वळली. "माईत हाय, भाऊ."

"कोनं सांगतलं?"

"सांगाले कोन पाह्यजे? त्या दिवशी गाडीत तो निळा डबा माह्या पायापाशीच होता. त्याच्यावर लिव्हर लिवेल होतं, अन वेळबी."

भाऊंचा चेहरा मला बघवेना. "मंग तवा काही बोलल्या काहून नाई?"

"बोलली नं. कोनाचा दोष नाई म्हटलं." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुमी रडून राहिले होते जी. आरशात दिसत होतं मले."

कंडक्टरनं घंटी ओढली. ड्रायव्हर भाऊंच्या अकोट डेपोतला जुना सोबती होता, त्यानं आरशात बघत गिअर टाकला. भाऊ दुसऱ्या दिवशी अकोटला गेले, त्यानंतर आमची भेट नाही. माझ्या डोळ्यांपुढं ते अजून तिथंच आहेत, अंगावर शाल, काखेत नारळ, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि घड्याळाचा तो हात वर केलेला.

"थांब नं बावा," ते ड्रायव्हरला म्हणत होते. "दोन मिनिटं थांब."

त्यानं इंजिन बंद केलं.